इकोवर चढत नाही

माझ्या शेडवर येणारा माणूस आधी ब्रेकचं विचारत नाही, ॲव्हरेजचं विचारतो. एक पाय पोलिओनं वाळलेला, काखेत कुबडी, दारातून आत येताना दोनदा भिंत धरलेली, आणि खुर्चीला टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न काय, तर "मिस्त्री, तीन चाकं लावल्यावर ॲव्हरेज किती पडंल?" पूर्वी मी चिडायचो. म्हणायचो, अहो, ती थांबते कशी ते तरी आधी विचारा. पुढं पुढं चिडायचं सोडलं. गाडी माणूस एकदाच घेतो, पेट्रोल रोज घालावं लागतं.

धाराशिवच्या बाहेर, तुळजापूर रोडला माझी पत्र्याची शेड. आता ती भाचा चालवतो आणि मी खुर्ची टाकून नुसता बसतो. न विचारता सल्ले देतो, ते त्याला आवडत नाही. आमचं काम एकच, दोन चाकी गाडीची तीन चाकी करणं. ज्याच्या पायांत बळ नाही त्याला दोन चाकी चालवायला काही अडचण नसते, थांबवायला असते. थांबलं की पाय टेकावा लागतो. स्कूटरला दोन्ही बाजूंनी जादा चाकं जोडलेली तुम्ही पाहिली असतील. ते सोपं काम. खरं काम मोटारसायकलचं. मागचं चाक काढून टाकायचं, तिथं आडवा आस बसवायचा, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. पायाचा गिअर हाताशी आणायचा, पायाचा ब्रेक हाताशी आणायचा, गाडी उभी करून ठेवायला वेगळा हँडब्रेक द्यायचा. त्यानंतर आरटीओचे हेलपाटे. ते लिहायला बसलो तर संपादकांना दुसऱ्या कुणाला जागाच देता येणार नाही.

अशी गाडी दिसायला मोटारसायकल, पण वागायला नाही. वळणावर ती झुकत नाही, ताठ उभी राहते आणि वर बसलेल्यालाच बाहेर लोटायला बघते. दोन चाकांवर हात बसलेला माणूस आधी तिला घाबरतो, मग हट्टाला पेटतो, मग शिकतो. शिकवायची माझी एक पद्धत होती. गाडी ताब्यात द्यायच्या आधी मालकाला घेऊन मी घाटात जायचो. मागं मी बसायचो. जोवर मी मागं बसून गप्प राहू शकत नाही तोवर चावी द्यायची नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. तेरचे एक मास्तर होते. मुलगी बघायला जायचं म्हणून ते आदल्या दिवशी शेडवर आले आणि मागची दोन चाकं झाकली जातील अशी झूल शिवून द्या म्हणाले. मी म्हणालो, मास्तर, चाकं झाकाल, पण उतरल्यावर काय कराल? ते म्हणाले, "उतरायचंच न्हाय. अंगणातच चहा घिऊन माघारी." मी झूल शिवून दिली. मुलीनं अंगणात येऊन ती झूल वर केली, खाली वाकून आस बघितला आणि हे कुणी बनवलं म्हणून विचारलं. लग्न झालं. पुढं सर्व्हिसिंगला गाडी घेऊन तीच यायची, मास्तर घरी असायचे.

दुसरे कळंबचे अडतदार. उतार लागला की हे गाडी बंद करायचे आणि घरंगळत खाली जायचे. मी त्यांना समजावलं की आताच्या इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ सोडली की पेट्रोल जातच नाही, उलट इंजिन गाडीला धरून ठेवतं. ते माझ्याकडं बघून हसले. "चालू इंजिन पेट्रोल खात न्हाय म्हन्ता? मिस्त्री, म्या रोज लोकांला असंच बोलून माल खपवतो." पुढं एकदा ब्रेक तापून गाडी बाभळीत गेली तेव्हा त्यांच्या अंगात काटे आणि तोंडात माझं नाव होतं. पण बंद करायची खोड गेली नाही ती नाहीच.

मग मोडवाल्या गाड्या आल्या. लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल, मोठी टाकी, दोन्ही बाजूंना सामानाच्या डिक्क्या, पुढं मोबाइलएवढी स्क्रीन. हँडलला एक बटण. ते दाबलं की गाडीचा स्वभाव बदलतो. एक रोड, एक पावसातला आणि एक इको. इको लावला की स्क्रीनवर हिरवं पान येतं. बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगायचं तर इकोमध्ये तुम्ही मूठ पिळता तेवढं इंजिन ऐकत नाही. थोडं ऐकतं, बाकीचं पोटात ठेवतं. सपाट रस्त्याला ते उत्तम, पेट्रोल खरंच वाचतं. पण आमच्या तीन चाकीला मुळात वजन जास्त. मागं माणूस बसलेला, डिक्क्या भरलेल्या आणि पुढं घाट असला की इकोचं पोटात ठेवणं परवडत नाही. तिथं रोडवर घ्यावी लागते. त्यातही मेख अशी की मूठ पूर्ण सोडल्याशिवाय ते बटण लागत नाही. चढताना मूठ सोडली की गाडीची धाव मरते. म्हणून माझं सांगणं एकच, चढ लागायच्या आधी इको काढा. हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं की आमची बायको जिना चढताना मला तेच ऐकवते.

ऐकलं मात्र फार थोड्यांनी. पेट्रोल वाचतंय हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की माणसाला ते पान घालवावंसं वाटत नाही. मला त्या पानाचा राग येतो. तेव्हाही यायचा, पण गंमत म्हणून. आता गंमत राहिली नाही, आणि ती का राहिली नाही हेच सांगायला मी हे लिहायला घेतलं.

अंबादासराव तामलवाडीचे. एका शाळेत क्लार्क होते, नुकतेच रिटायर झाले होते. जीपमधून त्यांना दोघांनी उचलून उतरवलं आणि खुर्चीवर ठेवलं. कमरेखाली काही नाही म्हटलं तरी चालेल, पण खांदे आणि दंड पैलवानाचे. हातानं पायडल मारायची तीन चाकी सायकल उभी नोकरी चालवून ते तसे झाले होते. बरोबर त्यांची बायको, कमलताई. बारीक चणीची, डोक्यावर पदर. ती बसली नाही, नवऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. मी बसा म्हणालो तर म्हणाली, "न्हाय भाऊ, सवय झालीय."

अंबादासरावांनी ॲव्हरेजचं विचारलं, ते तर विचारणारच होते. पण त्याआधी दुसरंच बोलले.

"मिस्त्री, घरापासनं शाळेपतुर एक चढ हाय. तिथं माझे हात पुरत न्हाईत. लग्न झाल्यापासनं ही मागनं ढकलायलीय. रोज. पावसात, उन्हात, दिवस गेले तवा बी. म्या रिटायर झालो. हिला कोन रिटायर करणार?"

"आवो, ढकलायचं काय येवढं," कमलताई म्हणाली. "मधी दम लागला की चाकामागं दगड लावायचा. दगड लागला की दोघं बी मोकळे."

हा दगड काय ते सांगायला हवं. हातसायकलीला ब्रेक नावाला असतो. चढावर हात थांबले की सायकल मागं यायला लागते. म्हणून चढाच्या गावातल्या हातसायकलवाल्यांच्या मागं नेहमी कुणीतरी असतं, आणि त्याच्या हाताशी एक दगड. सायकल थांबली रे थांबली की तो वाकून चाकामागं दगड सरकवतो. कुणी कुणाला सांगत नाही. पुढचा मागं बघत नाही, मागचा 'लावला' म्हणून ओरडत नाही. सायकल घट्ट झाली की पुढच्याला कळतं. या नवरा-बायकोचं इतकं बसलेलं होतं की चढावर थांबलेले असताना गावातले लोक त्यांच्याशी उभं राहून गप्पा मारायचे आणि दोघंही दम खात उत्तरं द्यायचे.

"मला गाडी नको व्हती खरं तर," अंबादासराव म्हणाले. "मला ही मागं बसलेली पायजे. निस्ती बसलेली. लांब लांब न्यायची हाय हिला."

मी कमलताईंना विचारलं, कुठं जायचं ठरवलंय? ती पहिल्यांदा हसली. "कुठं बी न्या. बसून जायाचं म्हनल्यावर कुठं बी चालतंय."

त्या गाडीवर मी जीव लावून काम केलं. मागची सीट रुंद केली, टेकायला पाठ दिली, पाय ठेवायला फळी दिली. अंबादासरावांचा गिअर डाव्या हाताशी आणला, हँडब्रेक असा बसवला की त्यांच्या दंडाला एका ओढीत लागावा. ते लवकर शिकले. घाटात मी मागं बसलो आणि दुसऱ्याच फेरीला गप्प बसू शकलो.

मग मी कमलताईंनाही मागं बसवून शिकवलं, कारण मागच्या माणसालाही शिकावं लागतं. वळणावर कुठं धरायचं, अंग कुठं टाकायचं. पानही दाखवलं. म्हणालो, ताई, हे हिरवं पान दिसतंय आणि पुढं चढ दिसतोय, म्हणजे यांच्या पाठीवर थापटायचं आणि म्हणायचं, बटण. तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "अहो, बटण." तिला गंमत वाटली. नवऱ्याला हुकूम सोडायची तिला सवय नसावी.

गाडी न्यायच्या दिवशी डाव्या डिकीत सामान लावताना मला आत एक दगड सापडला. काळा, एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालेला. मी हसायला लागलो. म्हणालो, ताई, आता दगड लागत नाही, हँडब्रेक दिलाय. हा इथंच टाका.

"असू द्या भाऊ. त्याचं काय वजन हाय?"

"वजन हाय की," अंबादासराव ओरडले, "ॲव्हरेज पडंल!"

सगळे हसलो. दगड डिकीत राहिला.

पुढचं वर्ष त्या दोघांचं होतं. अक्कलकोट झालं, परंडा झालं, विजापूरचा घुमट झाला. घुमटात ती जिना चढून एकटीच वर गेली होती आणि तिनं वरून हाक मारली ती खाली यांना पाच-सहा वेळा ऐकू आली, असं अंबादासराव फोनवर सांगत होते. दर प्रवासाहून आले की त्यांचा मला फोन. कमलताई कशी आहे विचारलं की म्हणायचे, "बसलीय की मागं, राणीसारखी." आणि मग ॲव्हरेज. त्यांना ॲव्हरेजचं वेडच लागलं होतं. मूठ किती हळू पिळायची, सिग्नल लांबून ओळखून कशी सोडायची, वारा समोरून असला तर काय करायचं. माझ्याकडच्या कुठल्याच गाडीनं दिलं नाही तेवढं ॲव्हरेज ते काढायचे. मला कौतुक होतं. शेडवर येणाऱ्या नवीन गिऱ्हाइकांना मी त्यांचं नाव सांगायचो.

मग वेरूळचं ठरलं. आदल्या दिवशी फोन आला. "मिस्त्री, एका टाकीत वेरूळ गाठतो का न्हाय बघा."

मी म्हणालो, "गाठाल. पण घाटात तेवढा इको काढा."

"व्हय व्हय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत मला फोन आला, पण तो त्यांचा नव्हता. घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेल्या एका टेम्पोवाल्याचा होता. गाडीवर मी माझा नंबर रंगवून ठेवतो, तो वाचून त्यानं लावला. "इथं एक बाई गेलीय," तो म्हणाला. "मालक काय बोलना. तुमी या."

तामलवाडीकडून तुळजापूरकडं येताना ते जुन्या घाटरस्त्यानं आले होते. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता. वळणाच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला, तसे हेही थांबले. ट्रॅक्टर हलल्यावर यांनी निघायला मूठ पिळली. गाडी इकोवर. दोघांचं वजन, भरलेल्या डिक्क्या आणि तो चढ. इंजिन गुरगुरलं, गाडी हातभर पुढं गेली आणि थांबली. पुन्हा पिळली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निघायच्या आधी त्यांनी क्लच दाबला. क्लच दाबला की गाडी हँडब्रेक ओढेपर्यंत थोडी मागं येते. नेहमी येते. त्यात काही विशेष नाही.

पण गाडी चढावर दोनदा अडखळून थांबली होती, आणि कमलताई उतरली होती. न सांगता उतरली होती, जशी सगळं आयुष्य न सांगता वाकत आली तशी. डिकीतून दगड काढून ती चाकामागं वाकली होती. ती इतकी हलकी होती की सीटवरून उठल्याचं यांना कळलंच नाही. आणि मागं बघायची यांना सवय नव्हती, कधी लागलीच नव्हती.

गाडी मागं आली ती तिच्या अंगावर. एवढंच झालं. गाडीला काही झालं नाही. मागच्या एकाही चाकाच्या रिमला साधा ओरखडासुद्धा नव्हता, ते बघून मला माझ्याच कामाची किळस आली. मी पोचलो तेव्हा तिला झाकलं होतं. अंबादासराव गाडीवरच होते, कारण त्यांना उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. माझा हात धरून ते म्हणाले, "दगड लागला की कळतंय, मिस्त्री. गाडी मागं आली तवा जुन्या सवयीनं म्या वाट बघत ऱ्हायलो. लागलाच न्हाय."

तिसऱ्या दिवशी मी तामलवाडीला गेलो. त्यांची मुलगी लातूरहून आली होती, घर माणसांनी भरलं होतं. जो तो म्हणत होता, वेळ आली होती, निमित्त झालं. अंबादासराव कुणाकडं बघत नव्हते. मी शेजारी बसल्यावर मात्र त्यांनी मान वळवली आणि हळूच विचारलं, "रोडवर निघाली असती का?"

मला उत्तर माहीत होतं. ती गाडी मी बनवली होती, त्याच घाटात चालवली होती. पण भरल्या घरात, त्या माणसाच्या तोंडाकडं बघून ते बोलवेना. मी म्हणालो, "घाटाचं काही सांगता येत नाही, अंबादासराव." त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. परत विचारलं नाही.

मग फोन बंद झाले. मी केला तर मुलगी उचलायची, म्हणायची झोपलेत. पुढं मुलगीही लातूरला गेली. तिनं बापाला चल म्हणून खूप विनवलं, ते गेले नाहीत. एका सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज साधा, नोकरीतल्यासारखा. "मिस्त्री, तामलवाडीला या. गाडीचं काम हाय."

मी गेलो. गाडी दारात उभी, धुतलेली. मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं उभं करून दोरीनं पाठीला आवळून बांधलेलं. गावातल्या दुकानाच्या हमालाकडून त्यांनी ते बांधून घेतलं होतं.

"तिच्या वजनाची हाय," अंबादासराव म्हणाले. "काट्यावर घिऊन भरली."

मला काय चाललंय ते कळलं. मी म्हणालो, हे करू नका. याचा काही उपयोग नाही. ते ऐकत नव्हते. मी डिक्क्यांना हात लावून बघितला, त्या जड लागल्या.

"आणि डिक्क्यांत?"

"तिनं भरल्या व्हत्या तशाच हायेत. दगड तेवढा परत टाकलाय, बाकी हात लावलो न्हाय. वजन बदललं असतं."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण मी गेलो नसतो तर ते एकटे गेले असते. मी माझ्या मोटारसायकलवर मागं निघालो. वाटेत सारखं ते पोतं दिसत होतं, पाठीला टेकून बसलेलं. एका खड्ड्याला ते डावीकडं कललं तेव्हा मी ओरडलो, सांभाळा, आणि ओरडल्यावर माझी मलाच शरम वाटली.

त्या वळणाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मी बाजूला उभा राहिलो.

"मागं कोन हाय का?"

"कुणी नाही."

"नीट बघा."

मी मागं जाऊन, वाकून बघून आलो. "कुणी नाही, अंबादासराव."

त्यांनी आधी इकोवर निघायचा प्रयत्न केला. इंजिन गुरगुरलं, गाडी हातभर गेली आणि थांबली. जशी तेव्हा थांबली होती तशीच. त्यांनी हँडब्रेक ओढला. मग मूठ सोडून बटण दाबलं. पान गेलं.

उभ्या आयुष्यात मी बनवलेली प्रत्येक गाडी चढावी म्हणून मी जीव टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हणत होतो, चढू नको. क्लच जळू दे, चेन तुटू दे, माझं नाव खराब होऊ दे, पण चढू नको. नाही चढली तर हा माणूस घरी जाऊन जेवेल, झोपेल, लोक म्हणतात ते मानेल. देवीला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"मागं कोन हाय का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही."

त्यांनी मूठ पिळली. गाडी निघाली. अडखळली नाही, गुरगुरली नाही. भरलेली गाडी रोडवर जशी निघायला हवी तशी निघाली, आणि पोतं घेऊन वळण घेत वर गेली. मी तिथंच उभा राहिलो. 

वर घाट संपतो तिथं ते थांबले होते. मी शेजारी गाडी लावली.  खाली तामलवाडीकडची शिवारं दिसत होती.

"चढली," ते म्हणाले.

"हो."

"तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. "तिनं थापटलं व्हतं पाठीवर. म्हनली, अहो, बटन. मला बी सुचलं व्हतं, मिस्त्री. न्हाय असं न्हाय. म्या म्हनलं, आजून एकदा बघू. एका टाकीत जायाचं व्हतं न्हवं." ते थांबले. "लोकं म्हन्तेत नशीब. नशीब काय बटनाला असतंय का?"

 जे बोलायचं होतं ते मी तिसऱ्या दिवशी गिळलं होतं, आता ते त्यांनी स्वतःच खणून काढलं होतं. मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघितला आणि म्हणाले, "दोरी सोडा. जवारी तुमी न्या."

"मी काय करू?"

"खावा. आमच्या घरात आता भाकरी कोन करनार?"

मी दोरी सोडली. पोतं माझ्या गाडीवर घेताना मला एकट्याला उचलेना, तेव्हा रस्त्यानं चाललेल्या एकाला हाक मारली. अंबादासराव बसल्या जागेवरून बघत होते. पोतं नीट बसल्याची खात्री झाल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि उताराला लागले. गाडी गिअरमध्ये होती, इंजिन धरून ठेवत होतं, मी शिकवलं होतं अगदी तसं.

घरी बायकोनं पोत्याचं तोंड सोडून मूठभर ज्वारी हातात घेतली. चांगली आहे म्हणाली, दळायला टाकू का? मी नको म्हणालो. का नको ते सांगितलं. तिनं हातातले दाणे एकेक करून परत आत टाकले आणि तोंड बांधलं. पोतं अजून आमच्या माजघरात आहे. सणावाराला घर झाडायचं झालं की ते हलवावं लागतं. एकाला ते उचलत नाही. ती एका बाजूनं धरते, मी एका बाजूनं, आणि उचलायच्या आधी आम्ही दोघंही एकमेकांना मोठ्यानं सांगतो, धरलंय.